गाव पाठीशी आहे, पण नाव लिहून द्यायला हात धजत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून कृषी केंद्र चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. मिरगाच्या तोंडावर, दुकान मालाने भरलेलं असताना, रात्री शटरचं कुलूप तोडून चोरी झाली. गल्ल्यातली रोकड, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणि कीटकनाशकाचे काही खोके गेले. जाताना चोरट्यांनी कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबाही उचकटून नेला. सकाळी अख्खं गाव दुकानासमोर जमलं. कोणी घरून चहा आणला, कोणी पंचनाम्याला पंच म्हणून उभं राहिलं, पोरांनी त्याच रात्रीपासून गस्त सुरू केली. तक्रार अज्ञात चोरट्यांविरुद्ध नोंदली गेली.

दोन दिवसांनी पारावर मात्र ठरलं की चोरी पारधी बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच्या, एका पोराने केली. हा पोरगा हंगामात यांच्याच दुकानात हमालीला येतो आणि चोरीनंतर फिरकलेला नाही. त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. गिरणीवाल्याने बेड्याचं दळण बंद केलं, किराणावालाही माल देईना. येत्या रविवारी बैठक आहे आणि त्याआधी यांनी ठाण्यात जाऊन नाव द्यावं असा आग्रह आहे. ‘नाव देत नसशील तर पुढच्या वेळी आमाले बोलावू नको,’ असं एकजण बोलला. दुसरा म्हणाला, ‘मंग उधारी मांगाले कोन्या तोंडानं येतं ते पाहू.’

ते लिहितात, ‘ताई, खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात शंका आहे. पण डोळ्यांनी मी काहीच पाहिलं नाही. गाव माझ्यासाठी एवढं धावलं, त्यांचं ऐकलं नाही तर कृतघ्न ठरेन. ऐकलं तर झोप लागणार नाही. काल त्या पोराची माय दळणाचा डबा तसाच डोक्यावर घेऊन गिरणीवरून परत जाताना दिसली. मला पाहून तिने रस्ता बदलला. त्या पोराची आठवड्याची हमालीही माझ्याकडे बाकी आहे. काय करू?’

भाऊ,

हंगामाच्या तोंडावर कृषी केंद्र फुटणं म्हणजे काय, हे दुकानाच्या आत बसणाऱ्यालाच कळतं. वर्षभराची निम्मीअधिक उलाढाल या दोन महिन्यांत होते. माल कंपनीच्या किंवा बँकेच्या पैशावर भरलेला असतो, आणि ज्यांना तो द्यायचा ते कास्तकार पहिल्या पावसाची वाट पाहत दारात उभे असतात. त्यात कोणीतरी रात्री आत शिरून आपल्या गल्ल्यात हात घातला, ही किळस वेगळीच. त्यामुळे तुम्हाला राग येतोय, शंका येतेय, यात चुकीचं काही नाही. शंका मनात येणं हा गुन्हा नव्हे.

गाव धावून आलं तेही खरं आहे, आणि मी ते जराही कमी लेखणार नाही. शहरात दुकान फुटलं तर शेजारचा शटर वर करून स्वतःचा माल तपासतो. तुमच्याकडे माणसं चहा घेऊन आली. पण पत्र पुन्हा वाचताना मला वाटलं की सकाळी चहा आणणारं गाव आणि पारावर नाव ठरवणारं गाव, यांना तुम्ही एकच धरून चालला आहात. ते नाव सगळ्यात आधी कोणाच्या तोंडून निघालं, आठवून पाहा. पारावर बोलणारे बहुधा चार-पाचजण असतात, बाकीचे माना हलवतात. मान हलवणाऱ्यांत तुमच्यासारखेच न झोपणारे किती असतील, हे रविवारपर्यंत तुम्हाला समजणार नाही, कारण कोणीच पहिलं बोलायला तयार नाही.

आणि उपकाराचं म्हणाल, तर पंचनाम्याला उभं राहणाऱ्याचे उपकार तुम्ही त्याच्या अडचणीला उभं राहून फेडाल. एका तिसऱ्याच माणसाचं नाव कागदावर लिहून ते फिटत नाहीत. गावाने मदतीची ही किंमत मागितली असेल, तर ती देणं तुमच्या हातात नाही. ती ज्याला मोजावी लागेल तो माणूस बेड्यावर राहतो.

आता तुमच्या शंकेकडे येऊ. त्या पोराबद्दल तुम्हाला नक्की माहीत काय आहे? तो दुकानात काम करायचा, आणि चोरीनंतर आला नाही. पत्रात याहून जास्त काही नाही. चोरट्यांना डीव्हीआर कुठे आहे हे ठाऊक होतं, म्हणजे माहितगाराचं काम, असं पारावर म्हणतात. बरोबरच आहे. पण माहितगार कोण कोण? कॅमेरे बसवून देणारा, कंपन्यांचे प्रतिनिधी, माल घेऊन येणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर, गेल्या वर्षी सोडून गेलेला नोकर, आणि काउंटरला टेकून ज्याने कधी चहा घेतला आहे तो प्रत्येक माणूस. ही यादी लिहून काढाल तर पान भरेल. त्या पानातलं एकच नाव पारावर का घेतलं गेलं, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

तो आला का नाही, याचंही बघा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारधीही त्यात ओढले गेले. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, तो कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी चोरी झाली की आधी जीप बेड्याकडे वळते, ही सवय पुष्कळ ठिकाणी राहिली. त्या पोराने आपल्या बापाला, आज्याला असंच उचलून नेताना पाहिलं किंवा ऐकलं असणार. मालकाचं दुकान फुटलं हे कळताच तो पळाला असेल, तर त्यातून त्याचा गुन्हा सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणाही होत नाही. भीती तेवढी सिद्ध होते. तेव्हा फरार झाला म्हणजे तोच, हे मनातून काढा.

मग पोलिसांना काय सांगायचं? इथे मला वाटतं गाव आणि तुम्ही, दोघंही दोनच वाटा पाहताय. एक तर नाव द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. तुम्ही फिर्यादी आहात. तपास अधिकाऱ्याकडे जाऊन पुरवणी जबाब द्या आणि त्यात जे जे माहीत आहे ते सगळं सांगा. दुकानात कोण कोण कामाला होतं, डीव्हीआरची जागा कोणाकोणाला माहीत होती, चाव्या कोणाकडे असतात, त्या आठवड्यात कोणी नवखा माणूस येऊन भाव विचारून गेला का. तो पोरगा येत नाही हेही सांगा, लपवू नका. पण त्याच जबाबात हेही येऊ द्या की गावात त्याच्या नावाची चर्चा झाली, फोटो फिरला, बेड्याचं दळण बंद झालं. ‘माझा अमुकवर संशय आहे’ हे वाक्य तेवढं, ज्याला पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीचा आधार नाही, ते लिहून देऊ नका. जबाब सही करण्याआधी वाचा. त्यात तुमच्या तोंडी नसलेलं नाव आलं असेल तर दुरुस्त करायला सांगा. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे पोलीस तपास कसा चालावा हे सांगणाऱ्या कायद्यानुसार, तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गावाला घाई झाली आहे ती ‘पोलीस काहीच करत नाहीत’ म्हणून. ही ९० दिवसांची मुदत बैठकीत सांगा, आणि ठाण्यात विचारायला एकटे जाऊ नका, ज्यांना जोर आला आहे त्यांनाही सोबत न्या.

कायद्याचं थोडं स्पष्ट बोलते, कारण रविवारी ते बोलायची वेळ येईल. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्यातल्या कोणावर खोटी, द्वेषाने केलेली फिर्याद, किंवा त्यांच्यावर सामाजिक-आर्थिक बहिष्कार, हे दोन्ही ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हे आहेत. दळण नाकारणं, किराणा न देणं याला गावात कोणी बहिष्कार म्हणत नसेल, पण ठाण्यात ते त्याच नावाने लिहिलं जाईल. तंटामुक्ती समितीने बैठक बोलावली असेल, तर समितीने वाद मिटवावेत. आरोपी ठरवणं हे तिचं काम नव्हे.

तो फोटो आजच काढायला लावा. ॲडमिनला स्वतः फोन करा, ‘दुकान माझं फुटलं, मीच सांगतो, काढ’ असं म्हणा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी आधीच माणसांची डोकी भरलेली होती. ती माणसं भिक्षा मागायला आली होती. तुमचं गाव तसं नाही असं तुम्ही म्हणाल, आणि मी विश्वास ठेवते. राईनपाड्याच्या लोकांनाही आदल्या दिवशी तसंच वाटत असेल. आता न्याय संहितेत जात, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा जास्त लोकांनी मिळून खून केला तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीपर्यंतची शिक्षा आहे. गस्तीवरच्या पोरांच्या बापांना हे कळू द्या.

मात्र गावाला नुसतं ‘हे करू नका’ म्हणून चालणार नाही. एवढी माणसं रागाने उठली आहेत, त्यांच्या हाताला काम पाहिजे, आणि काम आहे. तुमचा चोरीला गेलेला माल ओळखू येणारा माल आहे. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर असतो, कीटकनाशकाच्या बाटलीवर बॅच नंबर. तुमच्या खरेदीच्या बिलात आणि साठा नोंदवहीत ते लिहिलेले आहेत. रात्री बसून विकल्या गेलेल्या मालाची बिलं वजा करा आणि गेलेल्या मालाचे नंबर एका कागदावर काढा. एक प्रत पोलिसांना, एक तालुका कृषी अधिकाऱ्यांना, आणि एकेक आसपासच्या सगळ्या कृषी केंद्रांना. मिरग लागला की हा माल कुठेतरी बाहेर पडणारच, कारण बियाणं वर्षभर दडवून ठेवायची वस्तू नव्हे. कोणी बिनबिलाची, बाजारापेक्षा स्वस्त पाकिटं वावरावर आणून देत असेल, तर तिथून धागा लागेल. गावाला सांगा, माणसावर नजर ठेवण्यापेक्षा पाकिटावर ठेवा.

यात त्यांचाही जीव अडकलेला आहे. बिल नसलेलं बियाणं उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? आणि चोरीचं औषध म्हणजे फुटक्या खोक्यातलं, कधी दुसऱ्याच बाटलीत ओतलेलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, ते तुमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. त्याच जिल्ह्यात बेवारस कीटकनाशकाचे खोके फिरताहेत, ही गोष्ट मला बेड्यावरच्या पोरापेक्षा जास्त काळजीची वाटते, आणि तुमच्या गावालाही वाटायला हवी.

रविवारची बैठक. पहिल्यांदा तोंड उघडायला बैठकीपर्यंत थांबू नका. त्याआधी दोन-तीन दिवसांत ज्यांचा शब्द गावात चालतो अशा माणसांना एकेकटं भेटा. पोलीस पाटील, एखादे जुने गुरुजी, बचत गटातली एखादी ठाम बाई. बायकांना विसरू नका, दळण बंद होणं म्हणजे काय हे त्यांना पारावरच्या पुरुषांपेक्षा लवकर समजतं. गर्दीत माणूस मागे हटत नाही, घरी ओट्यावर बसून हटतो. बैठकीत मग लांब भाषण नको. तुमच्याच बोलीत एवढंच बोला, ‘चोर सापडला पाह्यजे हे माह्याइतकं कोनालेच नाई वाटत, नुकसान माहं झालं. तुमी धावून आले, हे मी जन्मात इसरत नाई. पन जे म्या पाह्यलं नाई ते म्या लिहून देनार नाई. उद्या तुमच्या पोराचं नाव कोनी असंच घेतलं, तरी म्या हेच म्हनीन.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ऐकणाऱ्याला आपलं पोरगं आठवलं की आवाज खाली येतो.

उधारीची धमकी मी हसण्यावारी नेणार नाही. कापूस घरात आल्यावर, दसरा-दिवाळीला जी वसुली होते त्यावर तुमचं पुढचं वर्ष उभं असतं. दोन-चारजण खरंच अडून बसतील. पण ज्याला द्यायचं नाही त्याला यंदा हे कारण मिळालं, नसतं मिळालं तर दुसरं शोधलं असतं. खाती आत्ताच नीट करा, प्रत्येकाची बाकी लिहून त्यावर सही घ्या, आणि नवी उधारी देताना हात जरा आखडता ठेवा. काही गिऱ्हाईक तालुक्याच्या दुकानात जाईलही. हे नुकसान होऊ शकतं, आणि ते सोसायची तयारी ठेवूनच बैठकीला जा. मी तुम्हाला फुकटातला मार्ग सांगत नाही आहे.

विम्याचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावरचं फिरतं कर्ज, असेल तर मालाचा विमा बहुधा काढलेला असतो, पण कित्येक पॉलिसी आगीपुरत्याच असतात, घरफोडी त्यात आहे का ते बँकेत जाऊन बघा. असेल तर विमा कंपनीला लेखी कळवायला एक दिवसही घालवू नका, पोच घ्या. तुटलेलं कुलूप फेकू नका, त्याचे आणि शटरचे फोटो ठेवा. चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात ‘अ समरी’ अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. दाव्यासाठी तो कागद लागतो. म्हणजे नुकसानभरपाईसाठी कोणाचं तरी नाव असलंच पाहिजे असं नाही, हा गैरसमज गावात असेल तर तोही दूर करा.

हमाली मात्र रविवारची वाट न पाहता द्या. पत्राच्या शेवटच्या ओळींत तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण मला वाटतं झोप तिथेच अडली आहे. ते पैसे त्याच्या घामाचे आहेत, चोरीशी त्यांचा हिशेब लावता येत नाही. स्वतः बेड्यावर जा, सोबत पोलीस पाटील किंवा शाळेतले कोणी शिक्षक घ्या, दिवसाउजेडी जा. त्याला प्रश्न विचारत बसू नका, तपास तुमचा नाही. त्याच्या मायच्या हातात पैसे द्या, नोंद करा, आणि सांगा की पोलिसांनी बोलावलं तर पोराने पळू नये, हजर व्हावं. अटक झालीच तर २४ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १५१०० या नंबरवर विचारता येतं. चोरी झालेल्या दुकानदाराने संशयिताच्या घरी हे सांगावं का, असं कोणी विचारेल. सांगावं. खरा चोर हवा असेल तर चुकीचा माणूस आत जाऊन फाइल बंद होणं सगळ्यात जास्त तुम्हालाच महागात पडेल.

आणि उद्या तपासात तोच निघाला तर? निघू शकतो, मी त्याच्या वतीने शपथ घेतलेली नाही. मग त्याच्यावर खटला चालेल, आणि तेव्हा तुम्ही कोर्टात निःशंकपणे साक्ष द्या. तरीही बेड्यावरच्या इतर घरांचं दळण बंद ठेवायचं कारण तेव्हाही नसेल. चोर गावातल्या एखाद्या आळीतला निघाला, तर त्या अख्ख्या आळीला गिरणीवरून परत पाठवाल का, हा प्रश्न बैठकीत विचारायला हरकत नाही.

हे वाचणाऱ्यांत काहीजण स्वतः गस्तीवर जात असतील. गस्त जरूर घाला, पण पोलीस पाटलांमार्फत ठाण्याला कळवून, ग्राम सुरक्षा दल म्हणून नावं नोंदवून. नवखा माणूस दिसला तर थांबवून नाव-गाव विचारा आणि ११२ ला फोन करा. डोळ्यांदेखत घरफोडीसारखा गंभीर गुन्हा करताना कोणी सापडला तर सामान्य माणूसही त्याला धरू शकतो, पण विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं पाहिजे. संशयावरून बांधून ठेवणं, मारणं यात तुमचंच पोरगं आत जाईल. आणि ज्या दुकानदारांवर अजून ही वेळ आलेली नाही त्यांनी डीव्हीआर काउंटरखाली ठेवू नये, चित्रण मोबाइलवर किंवा ऑनलाइन साठेल अशी सोय करून घ्यावी, आणि हंगामात रोकड रात्री दुकानात ठेवू नये.

भाऊ, गिरणीवाल्याला मात्र बैठकीच्या आधी तुम्हीच भेटा. तो तुमच्या नावाने दळण अडवून बसला आहे. तुम्ही नको म्हणालात, तर त्याच्याकडे दुसरं कारण उरत नाही.